दोन सोसायट्यांमधली भिंत कोसळली, दुरुस्ती कोणी करायची? (घोडबंदर रोड, ठाणे)

वाघबीळ_सचिव

आमची सोसायटी २००४ मध्ये नोंदवलेली, दोन विंग, ५६ सदनिका. मागच्या प्लॉटवरच्या टॉवरचा ताबा २०२२ मध्ये दिला गेला. त्यांची बाग आमच्या पार्किंगपेक्षा साधारण ७ फूट उंच आहे. मधली ९ इंची विटांची भिंत आमच्या बिल्डरने बांधलेली. गेल्या आठवड्यातल्या पावसात तिचा ६० फूट भाग आमच्याकडे कोसळला, शेजारचा ३० फूट भाग फुगलाय. चार गाड्या दबल्या, सुदैवाने माणसाला काही झालं नाही.

वरची सोसायटी म्हणते, भिंत तुमच्या हद्दीत आणि तुमच्या बिल्डरची, तुम्हीच बांधा. आमच्यातले काही म्हणतात, माती त्यांची, आपण एक रुपया द्यायचा नाही. शिवाय 'बी' विंगवाल्यांचं म्हणणं आहे की तिथे गाड्या 'ए' विंगच्या लागतात, तर खर्च त्यांनी करावा. नेमकी जबाबदारी कोणाची? आणि पाऊस चालू असताना आत्ता काय करावं?

मुरूम_काँक्रीट

आधी फुगलेल्या ३० फुटांची काळजी घ्या, तो भाग कधीही येऊ शकतो. भिंतीच्या उंचीच्या दीडपट, म्हणजे किमान साडेतीन मीटर जागा पूर्ण बंद करा. गाड्या, वॉचमनची केबिन, मुलांच्या सायकली, सगळं हलवा. पुण्यातल्या कोंढव्यात २९ जून २०१९ ला सोसायटीची कंपाउंड वॉल मजुरांच्या झोपड्यांवर पडून १५ जण गेले, हे विसरू नका.

पडलेला राडारोडा लगेच उचलू नका. मागची माती आत्ता त्याच ढिगाच्या टेकूवर थांबलेली असते. गाड्या काढण्यापुरतीच वाट करा, तीही पाऊस उघडल्यावर, आणि लगेच तिथे वाळूच्या गोण्या उताराने रचा. वरच्या बाजूने ताडपत्री कड्यापासून दोनेक मीटर मागेपर्यंत न्या आणि तिच्या मागे गोण्यांचा बांध घाला, म्हणजे बागेचं पाणी भेगेत न जाता बाजूने निघून जाईल. बागेचे नळ बंद. छपराचे पाइप त्या मातीवर सुटत असतील तर आजच वळवून घ्या. वरच्यांनी कड्यालगतची ३ मीटर पट्ट्यातली वरची मीटरभर माती माणसं लावून काढली तर भार बराच उतरेल. जेसीबी मात्र कड्याजवळ आणायचा नाही.

भिंत का पडली? ९ इंची भिंत आडोशासाठी असते, माती अडवण्यासाठी नव्हे. २.२ मीटर उंचीची निचरा झालेली माती दर मीटर लांबीला अंदाजे दीड टन रेटते. मागे पाणी साचून माती पूर्ण भिजली की तोच रेटा सव्वातीन टनांच्या आसपास जातो. भिंतीचं स्वतःचं वजन मीटरला जेमतेम एक टन. वीप होल (मागचं पाणी बाहेर सोडणारी भिंतीतली भोकं) नसतील किंवा बुजले असतील, तर अशी भिंत मोठ्या पावसापर्यंतच तग धरते.

उपविधी_वाचक

इथे दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळलेत. हद्द दाखवणारा आडोसा कोणाचा, हा एक. सात फूट माती धरून ठेवायची कोणी, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मोजणीत मिळेल, दुसऱ्याचं नाही. भिंत तुमच्या जागेत निघाली तरी वरच्यांच्या भरावाचा भार तुम्ही पेलायचा, असं त्यातून ठरत नाही.

भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ चं कलम ७ वाचा. शेजारच्या जमिनीचा आधार मिळण्याचा हक्क जमिनीला नैसर्गिक स्थितीत आहे. जी खणलेली नाही आणि जिच्यावर कृत्रिम दाब नाही, ती नैसर्गिक स्थितीतली जमीन. म्हणजे टॉवर बांधताना भराव टाकून पातळी वाढवली असेल, तर त्या भरावाला आधार देणं वरच्यांचं काम. उलट तुमच्या बिल्डरने २००४ च्या आधी उतार कापून पार्किंग सपाट केलं असेल, तर बोट तुमच्याकडे वळतं. त्याच कलमाप्रमाणे वरून नैसर्गिकपणे वाहत येणारं पाणी खालच्याने अडवायचं नसतं. पण पाइपाने एका जागी गोळा करून सोडलेलं पाणी त्यात मोडत नाही.

म्हणून मूळ जमिनीची पातळी शोधा. दोन्ही प्लॉटचे मंजूर नकाशे काढा, महापालिकेच्या शहर विकास विभागाकडे माहिती अधिकारात अर्ज करता येतो. पण सर्वात चांगला पुरावा तुमच्या डोळ्यांसमोर उघडा पडलाय आणि तो ताडपत्रीखाली जाणार आहे. भिंत पडल्यामुळे मातीचा उभा छेद दिसतोय. त्याच्या शेजारी मोजपट्टी लावून दूरवरूनच फोटो काढा. विटांचे तुकडे, टाइल्स, प्लास्टिक दिसलं तर तो भराव. सलग थरांचा घट्ट मुरूम दिसला तर ती मूळ जमीन. शक्य असेल तर दोन्ही सोसायट्यांच्या प्रतिनिधींसमोर पंचनामा करून दोघांच्या सह्या घ्या.

हद्दीसाठी भूमी अभिलेख खात्याकडे मोजणीचा अर्ज करून 'क' प्रत (मोजणीचा अधिकृत नकाशा) घ्या, शेजाऱ्याला मोजणीची नोटीस जातेच. मिळकत पत्रिकेवर नाव कोणाचं तेही बघा. वरच्या सोसायटीचं अभिहस्तांतरण (जमीन-इमारत सोसायटीच्या नावे होणं) झालेलं नसेल तर नोटीस सोसायटीसोबत बिल्डर आणि जमीनमालक यांनाही पाठवा.

धोक्याची तक्रार प्रभाग समितीत द्या. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली पडायच्या बेतातलं बांधकाम सुरक्षित करायला पालिका मालकाला किंवा भोगवटादाराला भाग पाडू शकते. ती नोटीस तुमच्याही नावाने येऊ शकते, त्याने घाबरू नका. खर्च शेवटी कोणाचा हे पालिका ठरवत नाही, आणि दोन सोसायट्यांमधल्या हद्दीचा किंवा भरपाईचा निवाडा उपनिबंधकही करत नाहीत. ते काम दिवाणी न्यायालयाचं.

वाघबीळ_सचिव

धन्यवाद. फोटो काढून घेतले. वरच्या साधारण ५ फुटांत डेब्रिज आहे, खालच्या २ फुटांत पिवळट मुरूम. आमच्या २००२ च्या मंजूर नकाशातही मागच्या कडेला थोडी कटाई दाखवलेली आहे. मग अर्धा-अर्धा खर्च करून मोकळं व्हावं का? वरचे त्याला तयार होतील असं वाटतं.

हिशेबनीस_कोपरखैरणे

'ए' विंग, 'बी' विंग हा वाद सभेत येऊच देऊ नका. आदर्श उपविधींत संस्थेने स्वतःच्या खर्चाने करायच्या दुरुस्त्यांची यादी आहे आणि कंपाउंड वॉल त्यात स्पष्ट लिहिलेली आहे. २००९ आणि २०१४ च्या उपविधींत कलमांचे आकडे बदललेत, त्यामुळे तुमच्या नोंदलेल्या प्रतीतला आकडा ठरावात घाला. गाडी कुठे लागते यावर वाटणी होत नाही.

दुरुस्ती व देखभाल निधी वर्षाला बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के, सिंकिंग फंड (मोठ्या दुरुस्तीसाठी राखलेला निधी) किमान ०.२५ टक्के. भिंत नव्याने बांधायची म्हणजे खर्च समितीच्या मर्यादेबाहेर जाईल. विशेष सर्वसाधारण सभा बोलवा, वास्तुविशारदाचं किंवा स्ट्रक्चरल इंजिनिअरचं प्रमाणपत्र जोडा आणि सिंकिंग फंडातून रक्कम काढायचा ठराव करा. ठरावात 'शेजारील संस्थेकडून वसुलीचा हक्क राखून' हे शब्द हवेतच. नाहीतर पुढे ते म्हणतील, तुम्ही जबाबदारी मान्य करूनच खर्च केलात.

सोसायटीची विमा पॉलिसी आजच काढून वाचा. त्यात कंपाउंड वॉल नोंदलेली असेल तर सर्व्हेअर येईपर्यंत राडारोडा हलवायचा नाही. गाडीमालकांनी आपापल्या सर्वसमावेशक पॉलिसीखाली वेगळा दावा करावा.

नवी मुंबईच्या वाचकांसाठी: आपल्याकडे जमीन बहुतेक सिडकोच्या भाडेपट्ट्याची, त्यामुळे हद्दीसाठी भाडेपट्टा करारातला नकाशा आधी बघावा. आणि सिडकोने बांधलेल्या वसाहतींत सोसायटीऐवजी अपार्टमेंट ओनर्स असोसिएशन असेल, तर सहकारी उपविधी नव्हे, डीड ऑफ डिक्लरेशन (मिळकतीचा नोंदलेला घोषणा-दस्त) आणि १९७० चा अपार्टमेंट ओनरशिप कायदा लागतो. सामाईक भिंत म्हणजे काय, ते त्या डीडमध्येच लिहिलेलं असतं.

उपविधी_वाचक

अर्धा-अर्धा करू नका. कटाई २ फूट आणि भराव ५ फूट पुराव्यात दिसतोय, तर बोलणी २:५ पासून (तुमचे २, त्यांचे ५) सुरू करा. कायद्यात असं प्रमाण छापलेलं नाही, पण मोजता येणारा आधार असला की दोन्हीकडच्या सभांना ठराव पटवता येतो.

वरच्यांना पैशाची वाटही दाखवा. ताबा २०२२ चा आहे. रेरा म्हणजे गृहप्रकल्पांच्या नियमनाच्या कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताब्यापासून ५ वर्षांत कळवलेला बांधकामातला दोष बिल्डरने ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. आधारभिंतीशिवाय भराव टाकणं हा दोष नाही तर काय? पण ही मागणी त्या सोसायटीला किंवा तिथल्या सदनिकाधारकांना करावी लागेल, तुम्हाला नाही. मुदत संपत आलीय, हे त्यांना लेखी कळवा.

मुरूम_काँक्रीट

अर्ध्या-अर्ध्यात आणखी एक धोका आहे. दोन्ही समित्या स्वस्तातलं कोटेशन निवडतात आणि पुन्हा ९ इंची भिंत उभी राहते.

इथे आरसीसी रिटेनिंग वॉल, म्हणजे माती अडवणारी सळ्या घातलेली काँक्रीटची भिंत लागेल. पायासकट उंची २.८ मीटर धरली तर तळाची रुंदी उंचीच्या ५० ते ७० टक्के, म्हणजे १.४ ते १.९६ मीटर. एवढा तळ कोणाच्या जागेत जाणार हे डिझाइनच्या आधी ठरवा. माझ्या मते टाच (तळाचा मागचा भाग) वरच्यांच्या मातीखाली जावी. तिच्यावर बसलेली मातीच भिंतीला दाबून धरते, आणि तुमचं पार्किंगही वाचतं. मात्र त्यासाठी त्यांच्या बागेत खोदावं लागेल, म्हणून त्यांची लेखी परवानगी करारातच घ्या. उंची, जाडी बदलणार म्हणजे शहर विकास विभागाची परवानगीही लागेल.

निविदेत हे मोजून लिहा: ७५ ते १०० मिलिमीटर पीव्हीसी वीप होल, दीड-दीड मीटरवर, दोन ओळी एकाआड एक, तोंड बाहेर उतरतं. ६० फुटांत दोन्ही ओळी मिळून २४ होतील. मागे जिओटेक्स्टाइल (माती अडवून पाणी जाऊ देणारं कापड) आणि ३०० मिलिमीटर जाडीचा खडीचा थर, त्याला सुमारे ४ ब्रास खडी लागते. नेमका हाच थर कंत्राटदार डेब्रिज टाकून वाचवतात, म्हणून भराव करताना इंजिनिअर हजर असल्याशिवाय त्या कामाचं बिल पास करू नका. वीप होलमधून येणारं पाणी नेणारं गटार तुमच्या बाजूला लागेल, त्याचा खर्च तुम्ही उचलणं रास्त आहे.

खोदाई पाऊस पूर्ण थांबल्यावर, ३-४ मीटरचे तुकडे एक सोडून एक घेऊन करा. सगळी लांबी एकदम उघडली तर बाग खाली येईल. फुगलेला ३० फूट भागही याच कामात घ्या. मागचा भराव काँक्रीटला २८ दिवस झाल्यावर, ८-९ इंचांच्या थरांनी, हलक्या प्लेट कॉम्पॅक्टरने दाबून करा. भिंतीलगत रोलर फिरवू देऊ नका.