सातला घरी, साडेआठला लेक पेंगते. रात्रीच्या जेवणाला पटकन होणारं काय करता?

रामबागची_सून:

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितेय. नवरा आणि मी दोघंही नोकरीवाले, ऑफिस विजयनगरला आणि घर रामबागेत, त्यामुळे पलासियाचा ट्रॅफिक पार करून दारात पोचेपर्यंत सात वाजून जातात. लेक पावणेदोन वर्षांची. साडेआठला डोळे चोळायला लागते, म्हणजे हातात जेमतेम तासभर आणि त्यातलाही अर्धा वेळ ती कडेवर. सासू-सासरे दिवसभर तिच्यामागे धावतात, संध्याकाळी परत त्यांनीच ओट्याशी उभं राहावं हे मला नाही पटत.

सध्या होतं असं की तिचं वेगळं, मऊ, बिनतिखट काहीतरी करते, मग मोठ्यांची पोळी-भाजी, त्यात सासूबाईंच्या दाताचं काम चालू असल्यामुळे त्यांना पोळी चावत नाही म्हणून त्यांचा भात वेगळा. तीन तीन स्वयंपाक! आणि एवढं करून बाईसाहेब दोन घास खाऊन तोंड फिरवतात, मग झोपताना भूक लागायला नको म्हणून बाटलीभर दूध. वर आजोबांच्या ताटात शेव असतेच (इंदूर आहे, वरणावर पण शेव पडते आमच्याकडे) तर तिला तीच हवी असते.

खिचडी येते हो मला, कृपा करून फक्त खिचडी सांगू नका 😅 पूर्ण शाकाहारी घर आहे, अंडंही नाही. अर्ध्या तासात होणारं, सगळ्यांना चालणारं आणि पोटात काहीतरी चांगलं जाईल असं सुचवा.

ओटा_आणि_मी:

अगं पहिलं म्हणजे तिचा वेगळा स्वयंपाक बंद कर. एकच भांडं चढवायचं, फोडणीत फक्त तूप-जिरं-हिंग-हळद, मीठ अगदी बेताचं, शिजलं की तिची वाटी आधी बाजूला काढायची आणि मग उरलेल्यात मोठ्यांचं तिखट-मीठ. नाहीतर कढल्यात लसूण-लाल मिरचीची वरून फोडणी करून ज्याच्या त्याच्या ताटात. आमच्याकडे वरण, आमटी, पिठलं, भाज्या सगळं असंच होतं.

आता पदार्थ. माझा हुकमी म्हणजे चकोल्या, कोणी वरणफळं म्हणतात. सकाळी डब्याच्या पोळ्या करतानाच दोन मुठी कणीक जास्त भिजवून फ्रीजमध्ये ठेवायची. आल्या आल्या तुरीची नाहीतर मुगाची डाळ कुकरला, त्यातच दुधी, गाजर, लाल भोपळा जे असेल ते चिरून टाकायचं. शिट्ट्या होईपर्यंत पोळी लाटून शंकरपाळ्यासारखे तुकडे कापायचे, तिच्यासाठी अगदी छोटे. डाळ घोटून भरपूर पाणी घालायचं, उकळी आली की तुकडे एकेक करून सोडायचे, एकदम ओतलेस तर गोळा होतो. सात-आठ मिनिटांत शिजतात. तिची वाटी काढली, वर तूप, चार थेंब लिंबू. मग मोठ्यांसाठी गोडा मसाला, चिंच-गूळ, तिखट. सासूबाईंना चावायचा प्रश्न नाही, पोळी-भात वेगळं करायचं नाही, आणि भाजी त्यातच गेलेली. घट्ट होत जातं म्हणून गरम पाणी हाताशी ठेव.

भिया_बाबा:

ताई आमच्या घरी संध्याकाळचं किचन माझ्याकडे आहे त्यामुळे अनुभवाने सांगतो, संध्याकाळी सातला "आज काय करायचं" हा विचार सुरू केला की संपलं सगळं. ते सकाळी ठरलेलं पाहिजे. मी निघताना एक वाटी मुगाची सालीची डाळ पाण्यात टाकून जातो, दोन-तीन तासांत भिजते खरं तर, पण दिवसभर राहिली तरी काही बिघडत नाही, फक्त आपल्या मे महिन्यात फ्रीजमध्ये ठेवा नाहीतर वास येतो. अख्खे मूग असतील तर मात्र त्यांना दिवसभर लागतोच. आलो की आलं, जिरं, मूठभर पालक घालून मिक्सरमधून काढायचं आणि धिरडी. आंबवायची भानगड नाही. तवा तापेपर्यंत पनीर किसायचं, धिरड्यात भरून गुंडाळी करायची आणि मुलाला लांब लांब पट्ट्या कापून द्यायच्या म्हणजे तो स्वतः हातात धरून खातो आणि आपल्याला उरलेली धिरडी घालायला हात मोकळे. मोठ्यांच्या पिठात शेवटी मिरची-कोथिंबीर.

दुसरं, कुकरचे डबे कोणी वापरतं की नाही आता? आमच्या आईचा जुना कुकर आहे, खाली वरण, मध्ये भात, वर बटाटा-गाजर-मटार किंवा गिलकी (घोसाळी). एकाच वेळी तिन्ही. मुलाचं जेवण तिथेच तयार, आपल्याला फक्त एक कोशिंबीर आणि फोडणी.

रविवारी बाफले (कणकेचे उकडून मग भाजलेले गोळे) केले असतील तर दोन-चार जास्तीचे करून ठेवा. सोमवारी चुरून गरम डाळीत पाच मिनिटं उकळा, लहान मुलं मस्त खातात. बाफला आधी उकडलेला असतो ना, त्यामुळे डाळीत लवकर मऊ पडतो. तूप मात्र मोजून, कारण बाफल्याने ते आधीच प्यायलेलं असतं भिया 😄

सुदामानगरच्या_काकू:

वाचून मजा वाटली. अगं सूनबाई, खिचडीला एवढी नावं ठेवू नकोस, तांदळाइतकीच मुगाची डाळ घातली आणि भाजी घातली तर त्याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही, तुम्ही पोरी डाळ चमचाभर घालता आणि मग म्हणता पौष्टिक नाही. पण रोज तेच दिलं तर ती तरी किती खाणार, तेही खरं.

तांदळाची उकड विसरलात का सगळे? आंबट ताकात तांदळाचं पीठ कालवायचं, तुपाच्या फोडणीत ओतायचं, गुठळी होऊ न देता ढवळत राहायचं, झाकण ठेवून वाफ आणायची. दहा मिनिटं. लसूण-मिरची मोठ्यांना वरून. यात डाळ नाही म्हणून मी पिठात चार चमचे बेसन घालते, आमच्या सासूबाईंना ते अजिबात चालायचं नाही पण नातवंडांनी कधी तक्रार केली नाही. मेतकूट करून ठेव, त्यात हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, गहू, तांदूळ सगळं भाजलेलं असतं, उशीर झाला त्या दिवशी मऊ भात, मेतकूट, तूप आणि बाजूला वाफवलेलं गाजर. झालं जेवण. मेतकुटात बाळापुरतं तिखट घालू नकोस म्हणजे झालं.

आणि पावसाळ्यात भुट्टे आले की भुट्ट्याचा कीस! सराफ्यातला (आपल्या इंदूरच्या खाऊगल्लीतला) लोक नाश्त्यासारखा खातात, पण घरी केला तर रात्रीचं जेवणच आहे ते. तीन-चार कोवळी कणसं किसायची, तुपात जिरं-हिंग, कीस रंग बदलेपर्यंत परतायचा, मग वाटीभर दूध घालून मंद आचेवर आटू द्यायचा. मीठ, लिंबू, कोथिंबीर. बाळाचा काढल्यावर हिरवी मिरची आणि जिरावण (आपला इंदुरी चटपटा मसाला) आपल्याला. अख्खे दाणे नकोत त्या वयाला, किसलेलंच बरं. सोबत मुगाचं पातळ कढण केलंस तर डाळही जाते पोटात.

शेवेचं म्हणशील तर ती तुझ्या सासऱ्यांशी बोलायची गोष्ट आहे, रेसिपीने सुटणार नाही 🙂 आमच्याकडे आजोबांची शेवेची बरणी जेवण झाल्यावर, पोर दुसऱ्या खोलीत गेल्यावर निघते. महिनाभर कुरकुरले, मग सवय झाली.

पोषण_शिकलेली_आई:

पदार्थ छान आलेत, मी थोडं वेगळं लिहिते. रामबागची_सून, तुझ्या पोस्टमध्ये मला सगळ्यात जास्त खटकलं ते झोपतानाचं बाटलीभर दूध. या वयात दिवसभरात साधारण अर्धा लिटर दूध पुष्कळ झालं. त्याहून जास्त गेलं की पोट भरलेलं राहतं, जेवण जात नाही, आणि दुधात लोह जवळजवळ नसतंच, म्हणून खूप दूध पिणारी गुटगुटीत मुलंसुद्धा ॲनिमिक निघतात. शिवाय तिला कळलंय की जेवले नाही तरी बाटली येतेच. दूध बंद नको करूस, शाकाहारी घरात बी-१२ दूध-दही-पनीरमधूनच मिळतं. फक्त वेळ बदल. संध्याकाळी पाचला कपातून दे, म्हणजे सात-साडेसातला भूक लागलेली असेल. दात घासल्यावर बाटली तोंडात ठेवून झोपवणं दातांनाही वाईट.

लोहासाठी डाळी, पालेभाज्या, हरभरे, आणि सोबत काहीतरी आंबट, लिंबू, टोमॅटो, आवळा, कारण क जीवनसत्त्व असलं की वनस्पतीतलं लोह जास्त शोषलं जातं. चहा उलटं करतो, त्यामुळे आजीच्या कपातले दोन घोट पण नकोत. नाचणी इंदुरात आता सहज मिळते, १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, धिरड्याच्या पिठात दोन चमचे ढकलून दे.

अख्खे शेंगदाणे, फुटाणे, कच्च्या गाजराचे तुकडे, अख्खी द्राक्षं हे चार-पाच वर्षांपर्यंत देऊ नये, घशात अडकतात. दाण्याचं कूट चालेल. द्राक्षं उभी चिरून.

आणि किती खायचं ते तिला ठरवू दे. काय आणि कधी ते तू ठरव. नवीन चव पहिल्यांदा थुंकलीच जाते, दहा-दहा वेळा समोर आल्यावर मग एक दिवस खातात. त्यात तिचा हट्ट बघू नकोस. मात्र वजन वाढतच नसेल किंवा चेहरा फिका वाटत असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखव, तिथे आमच्या गप्पांचा उपयोग नाही.

बडोद्याची_पाहुणी:

आम्ही बडोद्याचे मराठी पण रात्रीच्या जेवणात गुजराती होऊन गेलोय. दुधीचे मुठिये करून बघा. किसलेला दुधी, जाडसर कणीक, थोडं बेसन, दही, ओवा, सगळं एकत्र मळून लांबट वळ्या करायच्या आणि ढोकळ्याच्या भांड्यात वीस मिनिटं वाफवायच्या, तेवढ्या वेळात मुलीला आंघोळ घालून होते. तिला वाफवलेलेच तुकडे दह्यात बुडवून, मोठ्यांसाठी मोहरी-तीळ-मिरचीच्या फोडणीत परतून. सकाळची खिचडी उरली असेल तर तीच कणकेत मळून मुठिये करता येतात, खिचडी ओळखू पण येत नाही.

रामबागची_सून:

बापरे एवढं लिहिलंत सगळ्यांनी!! काल चकोल्या केल्या. लेकीने वाटीतलं वरण सगळं प्यायलं आणि चकोल्या हाताने काढून काढून आजोबांना भरवल्या 🤦‍♀️ पण सासूबाई खूश, पहिल्यांदाच सगळ्यांनी एकच पदार्थ खाल्ला. नवऱ्याने आज डाळ भिजवलीये, भिया_बाबा तुमची पोस्ट त्यालाच वाचून दाखवली.

दुधाची वेळ सासूबाईंशी बोलून पाचची केलीये, पण रात्री रडली तर काय करू? पोषणताई, अगदीच उपाशी झोपली असं वाटलं तर?

आणि काकू, भुट्टे आत्ता नाहीत, फ्रोझन स्वीटकॉर्न मिक्सरमधून काढून कीस होतो का? तो पाणी सुटून चिकट होतो असं ऐकलंय.

पोषण_शिकलेली_आई:

जेवण झाल्यावर झोपेपर्यंत तासभर जात असेल तर अर्धं केळं किंवा दोन-चार चमचे दही-भात दे. कंटाळवाणं आणि रोज तेच ठेव, म्हणजे त्याची वाट बघून जेवण टाळणार नाही. पहिले काही दिवस रडेल. तेव्हा पाणी आणि थोपटणं. घरातल्या सगळ्यांनी एकच धोरण ठेवा, नाहीतर ती बरोब्बर मऊ माणूस शोधून काढते.

सुदामानगरच्या_काकू:

होतो गं. पण तो गोड असतो आणि पाणी जास्त, म्हणून दूध अर्धंच घाल आणि आधी तुपात चांगला कोरडा होईपर्यंत परत. मिक्सर पल्सवर, गंधासारखं बारीक करू नकोस. चमचाभर भाजलेला रवा घातलास तर चिकटपणा जातो. लिंबू जरा जास्त पिळ.