दमट हवेत टिकेल आणि लावलाय हे कळणार नाही असा मस्कारा सुचवा ना

सुरंगी_हर्णै
नमस्कार मैत्रिणींनो. मी हर्णैची, नोकरी दापोलीत, रोज स्कूटीने जाणंयेणं. माझ्या पापण्या एकदम सरळ आणि खाली वाकलेल्या आहेत, केस तसे बरे आहेत पण टोकं भुरकट असल्यामुळे लांबून दिसतच नाहीत, फोटोत तर डोळे कायम झोपाळू. मला फक्त एवढंच हवंय की डोळे जरा उघडल्यासारखे वाटावेत, समोरच्याला "हिने मस्कारा लावलाय" असं कळता कामा नये. आत्तापर्यंत वापरले ते सगळे व्हॉल्यूमवाले, म्हणजे पापण्या जाड दाखवणारे निघाले, दोन-तीन केस एकत्र चिकटतात, मधे फटी पडतात आणि दुपारपर्यंत डोळ्यांखाली काळं उतरतं. वॉटरप्रूफ घेऊन बघितला तरी पसरतो तो पसरतोच, वर रात्री काढताना निघता निघत नाही, चोळून चोळून चार केस हातात येतात. शिवाय चष्मा आहे, पापण्या लांब झाल्या की काचेला लागतात आणि काचेवर काळे ठिपके. वैशाखात चुलतबहिणीचं लग्न आहे, दारातच मांडव, म्हणजे घाम नक्की. बजेट पाचशेच्या आसपास, खरंच चांगला असेल तर थोडं वर चालेल. काजळ नको, तेही ओघळतं माझं.

चिपळूणची_पार्लरवाली
सुरंगी, आधी एक सांगते, नॅचरल दिसणं हे निम्मं ब्रशवर असतं. जाड फुगीर ब्रश पापणीवर एका वेळी भरपूर माल सोडतो, तो व्हॉल्यूमसाठीच बनवलेला असतो. तुला बारीक ब्रश हवा, त्यातही रबरासारखे छोटे दात असलेला, कंगव्यासारखा, तो केस वेगळे करत जातो. आणि ट्यूबमधून बाहेर काढल्यावर टोकावर जो गोळा राहतो ना तो टिश्यूला पुसून टाकायचा, निम्म्या बायका हे करत नाहीत आणि मग दोष मस्काऱ्याला. पुसल्यावर ब्रश जवळजवळ कोरडा दिसेल, तेवढंच पुरतं तुला.

लावताना ब्रश मुळाशी टेकवायचा, जागेवरच किंचित डावी-उजवीकडे हलवायचा आणि मग सरळ वर ओढायचा. मुळाशी रंग आणि टोकाला नुसता हात फिरवल्यासारखा, मग डोळ्याला आपोआप कड येते आणि लायनरही लागत नाही. एकच कोट. दुसरा द्यायचाच असेल तर फक्त बाहेरच्या कोपऱ्यातल्या केसांना, आणि तोही पहिला ओला असतानाच, वाळल्यावर दिला की गुठळ्या होणारच. खालच्या पापण्यांना अजिबात लावू नकोस, आपल्या हवेत पहिल्यांदा तिथूनच उतरतो. लावून झाल्यावर स्वच्छ स्पूली, म्हणजे नुसता मोकळा ब्रश, एकदा फिरव. जुन्या मस्काऱ्याचा ब्रश साबणाने धुऊन ठेवलास तरी तेच काम होतं.

रंग ब्लॅक-ब्राऊन किंवा गडद ब्राऊन घे. तुझी टोकं भुरकट आहेत त्यामुळे कुळकुळीत काळा लगेच उठून दिसतो, ब्राऊनने फक्त टोकं दिसायला लागतात, तुला तेवढंच तर हवंय.

आणि सरळ पापण्यांना कर्लरशिवाय, म्हणजे पापण्या दाबून बाक देणाऱ्या चिमट्याशिवाय काही खरं नाही. मस्काऱ्याच्या आधी वापरायचा, नंतर कधीच नाही, नंतर दाबलास तर केस चिकटून तुटतात. मुळाशी हलकेच पाच-सात सेकंद, मग जरा पुढे सरकून अजून एकदा, म्हणजे कोन न दिसता बाक येतो. आतलं रबर कडक झालं किंवा त्याला चीर पडली की बदल.

मालवणी_चेडू
गो बाय, माज्या पापण्या पण अशेच सरळ. मी रोजचो मस्कारा लावचोच सोडलंय, फक्त कर्लर आणि वर क्लिअर मस्कारा मारतंय. काळा कायच नाय तर पसरतला काय! लग्नाक मात्र ब्राऊन लावतंय, काळो भडक दिसता, ब्राऊन कसो आपल्याच केसांचो वाटता.

सुरंगी_हर्णै
ताई खूप खूप धन्यवाद, इतकं नीट कुणी सांगितलंच नव्हतं. क्लिअरची आयडिया ऑफिससाठी मस्त आहे पण माझी टोकं मुळातच फिकी, त्यामुळे थोडा रंग लागेलच मला. पण एक कळत नाही, वॉटरप्रूफ असून पसरतो कसा? आणि आई म्हणते रात्री एरंडेल लाव, पापण्या दाट होतील, मग मस्काराच नको. लावू का?

काउंटरमागून_रत्नागिरी
मी औषधाच्या दुकानात असते त्यामुळे हे प्रश्न रोजचे.

वॉटरप्रूफ म्हणजे पाण्याला दाद न देणारा, तेलाला नाही. त्यात मेण असतं आणि ते तेलात विरघळतं. आपल्या पापण्यांच्या कडेला तेलग्रंथी असतात, त्यात उकाड्याने चेहऱ्याचं तेल आलं, वर सनस्क्रीन किंवा क्रीम डोळ्यांभोवती लावलेलं असलं की पापणी मिटली की ते सगळं केसांना लागतं. म्हणजे तुझा मस्कारा घामाने कमी आणि तेलाने जास्त पसरतोय. त्यामुळे डोळ्यांखाली क्रीम पूर्ण मुरू दे, टिश्यूने टिप, पावडरचा अगदी पातळ हात दे आणि मगच मस्कारा.

माझं मत विचारशील तर ट्युबिंग मस्कारा बघ. यात मेणावर भर नसतो, पॉलिमर असतं, ते प्रत्येक केसाभोवती वाळून बारीक नळी तयार करतं. घाम आणि तेल दोन्हीला बऱ्यापैकी टिकतं. रात्री कोमट पाण्याने भिजवून बोटांत धरून हलकेच खाली ओढलं की नळ्याच्या नळ्या सुटून येतात, काळ्या शेवयांच्या चुऱ्यासारख्या दिसतात, बघून घाबरू नकोस, केस नाहीत ते. चोळायला लागत नाही हा मोठा फायदा, तुझे केस तुटतायत ते चोळण्यानेच. ट्युबिंगने व्हॉल्यूम फार येत नाही, आणि तुला नकोच आहे. बॉक्सवर "कोमट पाण्याने निघतो" असं लिहिलेलं असतं बहुतेक वेळा, ते शोध. क्लिनीकचा हाय इम्पॅक्ट झिरो ग्रॅव्हिटी यातलाच, पण तुझ्या बजेटच्या वर जाईल. लोरियालचा डबल एक्स्टेंड ब्युटी ट्युब्ज पण याच प्रकारचा, मात्र त्यात एका बाजूला पांढरा प्रायमर, म्हणजे रंगाच्या आधी लावायचा थर असतो आणि तो लांबी वाढवतो, चष्म्याला लागेल, त्यामुळे प्रायमर न लावता नुसती दुसरी बाजू वापर. फायबरवाले तर चष्मा किंवा लेन्स असेल त्यांनी घेऊच नयेत, बारीक तंतू डोळ्यात जातात.

आता एरंडेल. त्याने पापण्यांचे केस वाढतात असा भक्कम पुरावा नाही. तेलाने केस चमकदार आणि थोडे जाड दिसतात, पण रात्रभर लावलं की डोळ्यात उतरतं, सकाळी धूसर दिसतं, काहींचे डोळे लाल होतात. आईचं मन मोडू नकोस, भुवयांना लाव हवं तर. केस खरोखर वाढवणारं औषध एकच माहितीतलं, बायमॅटोप्रोस्ट. मुळात ते काचबिंदूचं, पापण्यांसाठी अमेरिकेत २००८ मध्ये मान्यता मिळाली. पण त्याने पापणीची त्वचा काळवंडू शकते, बुबुळाच्या रंगातही फरक पडू शकतो, आणि बंद केलं की केस पुन्हा पूर्वीसारखे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी दिल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही, कुणी दुकानातून सहज देत असेल तरी.

आणि मस्कारा उघडल्यावर तीन महिन्यांत टाकून द्यायचा, अर्धा उरला तरी. आपल्याकडच्या दमट हवेत तर नक्कीच. ब्रश ट्यूबमध्ये वर-खाली खुपसत राहू नका, हवा आत जाऊन लवकर वाळतो आणि जंतूही जातात. वाळला म्हणून पाणी किंवा थुंकी घालणाऱ्या बायका मी बघितल्यात, कृपा करून हे करू नका. बहिणीबहिणींत शेअर पण नको, डोळे आले की एकीचे दुसरीला. रांजणवाडी झाली असेल तर ती पूर्ण बरी होईपर्यंत मेकअप बंद आणि त्या वेळची ट्यूब सरळ कचऱ्यात.

तारकर्लीची_लाट
ट्युबिंगबद्दल पटलं पण एक मुद्दा राहिला. माझ्याही पापण्या सरळ, ट्युबिंग लावला की कर्ल तासाभरात बसतो. त्यात पाणी असतं ना, ओलसरपणाने केस परत सरळ होतात. वॉटरप्रूफ पटकन वाळतो म्हणून कर्ल धरून ठेवतो. मी बोटीवर असते दिवसभर, अंगावर पाणी उडतं, मला वॉटरप्रूफच लागतो. माझी त्वचा कोरडी आहे म्हणून पसरत नसेल कदाचित. सगळ्यांना एकच सांगू नका.

चिपळूणची_पार्लरवाली
बरोबर आहे तुझं, कोरड्या त्वचेला वॉटरप्रूफ चालतो. सुरंगीची तेलकट वाटतेय म्हणून तिला ट्युबिंग. लग्नाच्या नवऱ्यांना, म्हणजे नवरीबाईंना गं, मी दोन्ही वापरते, कर्ल करून आधी वॉटरप्रूफचा अगदी पुसटसा हात फक्त मुळाशी, तो पूर्ण वाळू द्यायचा आणि वरून ट्युबिंगचा एक कोट. कर्लही राहतो आणि खाली उतरतही नाही. पण हे रोज नको, कारण मुळाशी लावलेला वॉटरप्रूफ काढायला ऑइलवाला रिमूव्हर लागतोच. काढताना क्रम लक्षात ठेव, आधी कोमट पाण्याने ट्युबिंग सोडव, मग कापसावर रिमूव्हर घेऊन डोळ्यावर अर्धा मिनिट नुसता धरून ठेव आणि खाली पुस.

सुरंगी_हर्णै
हे लग्नाला करणार! रोजच्यासाठी ट्युबिंग ब्राऊन शोधते. तेलकटच आहे त्वचा, बरोबर ओळखलंत. दापोलीत मिळेल का, की ऑनलाइनच मागवू?

चिपळूणची_पार्लरवाली
ट्युबिंग छोट्या गावात मिळणं कठीण, त्यातही ब्राऊन. ऑनलाइन घेतलास तर कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून किंवा ओळखीच्या मोठ्या साइटवरून घे, फार स्वस्त दिसला तर सोडून दे, डोळ्याला लावायची गोष्ट आहे. आल्यावर सील आणि एक्सपायरी बघ. दुकानातून घेतलास तर टेस्टरचा ब्रश डोळ्याला लावू नकोस, हाताच्या पाठीवर ओढून रंग बघ. आणि लग्नाच्या निदान आठवडाभर आधी घरी एक दिवस पूर्ण लावून, चष्मा घालून स्कूटीवर जाऊन ये. पापण्या काचेला लागत असतील तर ऑप्टिशियनकडे नाकावरचे पॅड जुळवून चष्मा थोडा पुढे करून घे, दोन मिनिटांचं काम आहे.