स्वस्त बियर आणि आपली निवड : किंमतीमुळे तुमची बाटली कधी बदलली का? (अनुभव धागा)

इंद्रायणीकाठ

गेल्या आठवड्यात पुतण्या घरी आला होता. त्याने फ्रीजमध्ये ठेवलेला कॅन हातात घेऊन मी सवयीने आधी त्यावरचे अल्कोहोलचे टक्के वाचले, तेव्हा तो हसून म्हणाला, "काका, तुम्ही चवीचे काही विचारतच नाही." त्यावरून १९९०च्या दशकातले चिंचवडच्या कारखान्यातले दिवस आठवले. पगाराच्या संध्याकाळी आम्ही चौघे-पाचजण बसायचो आणि टेबलावर ठरलेल्या स्ट्राँगखेरीज दुसरे काही येत नसे. माइल्ड मागवणाऱ्याची थट्टा होई. आम्ही स्वतःला स्ट्राँगचे दर्दी समजत होतो, परंतु आता मागे वळून पाहताना वाटते की त्या आवडीत जिभेचा भाग थोडा आणि हिशेबाचा भाग मोठा होता. ६५० मिलीच्या बाटलीत पाच टक्क्यांची माइल्ड असेल तर शुद्ध अल्कोहोल साधारण ३२ मिली भरते आणि आठ टक्क्यांची स्ट्राँग असेल तर ५२ मिली. दोन्हींच्या किंमतीतला फरक मात्र आमच्या काळी इतका किरकोळ होता की माइल्ड घेणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे असे आम्हाला प्रामाणिकपणे वाटे.

हा फरक किती ठेवायचा हे कोणीतरी ठरवत असणार, हा विचार तेव्हा डोक्यात आलाच नाही. म्हणून हा धागा. किंमत बदलल्यामुळे तुमची बाटली बदलली का, आणि बदलली असेल तर तुम्ही महागड्या बियरकडे वर गेलात, खाली उतरलात की बियर सोडून भलतीकडेच वळलात, हे सविस्तर लिहावे. किती रिचवली याच्या बढाया नकोत.

काउंटरच्या_आत

सातारा जिल्ह्यात आमचे वाइन शॉप आहे आणि शेजारच्या गावात मेहुण्यांची बियर शॉपी आहे, त्यामुळे एकाच गिऱ्हाइकाची दोन रूपे मला पाहायला मिळतात. बियर शॉपीत बियर आणि वाइन यांखेरीज काही विकता येत नाही. तिथे स्वस्त बाटली महागली की गिऱ्हाईक कुरकुरत का होईना, पण बियरच घेते. फार तर दोनऐवजी एक घेते किंवा बाटलीऐवजी पाइंट, म्हणजे छोटी बाटली, घेते. माझ्या दुकानात मात्र त्याच काउंटरवर हाताच्या अंतरावर व्हिस्की-रमची क्वार्टर ठेवलेली असते, आणि बाटली दोनशेच्या घरात गेली की माणूस मनातल्या मनात भागाकार करू लागतो. १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये ४२.८ टक्क्यांच्या हिशेबाने ७७ मिली अल्कोहोल असते, म्हणजे स्ट्राँगच्या बाटलीच्या दीडपट. हा आकडा कोणालाही पाठ नाही, पण त्याचा अर्थ सर्वांना ठाऊक आहे.

कंपन्यांच्या माणसांना वाटते की खालची बाटली थोडी महाग केली की गिऱ्हाईक "एवढ्यात आणखी थोडे घालून चांगली घेऊ" म्हणून वरची पायरी चढेल. दहा रुपयांचा फरक असेल तर खरोखरच चढते. पायरी उंच झाली की चढत नाही, सरळ शेजारच्या फळीकडे जाते. शासनालाही हे मान्य करावे लागले. ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्याने बियरवरच्या उत्पादन शुल्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली, ती बियर महागल्याने ग्राहक कडक दारूकडे वळत आहे आणि महसूल घटत आहे म्हणूनच. त्या वेळी समाजमाध्यमांवर पुष्कळ विनोद झाले, पण काउंटरवर उभ्या असलेल्या माणसाला त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही.

जाता जाता आणखी एक. आमच्या दुकानातला काचेचा फ्रीज एका कंपनीने दिलेला आहे. त्यात सर्वांत स्वस्त बाटलीला जागा नसते. उन्हाळ्यात गार बाटली हवी असेल तर महाग घ्यावी लागते, आणि ही निवड किंमतीच्या पाटीवर कुठेही लिहिलेली नसते.

शेंगदाणा_फुटाणा

क्वार्टरचा हिशेब मांडताना चखण्याचा खर्च धरला पाहिजे, अशी नम्र सूचना करतो. बियर दोन तास चालते, तेवढ्या वेळात मसाला पापड, चणा कोळीवाडा आणि शेवटी "एक अंडा भुर्जी सांगा रे" असे होतेच. क्वार्टर अर्ध्या तासात संपते आणि माणूस घरी जेवतो. बाटली तेवढीच महागली तरी बियरची बैठक दुप्पट महाग पडते. आमच्या गटातल्या दोघांनी केवळ याच कारणाने बियर सोडली, आणि त्यांच्या तब्येतीला ते मुळीच मानवलेले नाही.

मुसीकाठचा_मराठी

आमचे मूळ नांदेडचे, पण तीन पिढ्या हैदराबादेत आहोत. तेलंगणात दुकानदार कंपनीकडून थेट माल घेत नाही. राज्याचे महामंडळ घेते आणि कंपनीला किती दर द्यायचा हे तेच ठरवते. ८ जानेवारी २०२५ रोजी किंगफिशर बनवणाऱ्या युनायटेड ब्रुअरीजने, दर २०१९-२० पासून वाढवलेले नाहीत आणि थकबाकी मोठी आहे, असे सांगून महामंडळाला होणारा पुरवठा थांबवला. २० तारखेला तो पुन्हा सुरू झाला आणि फेब्रुवारीत दर पंधरा टक्क्यांनी वाढले. इथल्या बहुतेक लोकांसाठी बियर म्हणजे किंगफिशर, त्यामुळे त्या दिवसांत कोण कशाला किती निष्ठावान आहे हे पाहण्याजोगे होते. वीस वर्षे एकच लेबल पाहून बाटली घेणारे आमचे शेजारी दुसऱ्या दिवशी जे मिळेल ते घेऊन आले आणि "चवीत विशेष फरक नाही" असे म्हणाले. पुरवठा सुरू झाल्यावर मात्र ते लगोलग मूळच्या लेबलाकडे परतले. दर वाढल्यावरही तिथेच राहिले. म्हणजे सवय किंमतीपुढे वाकते असे सरसकट म्हणता येणार नाही. पंधरा टक्के तिने सहन केले.

तेरेखोल

मी बांद्याची. होय, बाई आहे आणि बियर घेते. त्यावरची चर्चा दुसऱ्या धाग्यावर करावी. आमच्याकडून पत्रादेवीचा नाका ओलांडला की गोवा. तिथे शुल्क कमी असल्याने तीच बाटली बरीच स्वस्त मिळते आणि गोव्यातच तयार होणारी किंग्जसारखी बियर त्याहूनही हलक्या दरात मिळते. माझ्या सासरच्या मंडळींचे मी नीट निरीक्षण केले आहे. हीच माणसे गोव्यात समुद्रावर बसली की माइल्ड मागवतात, सावकाश पितात आणि चवीवर बोलतात. घरी परतली की स्ट्राँगशिवाय हात लावत नाहीत. माणूस तोच, जीभ तीच. फरक एवढाच की जिथे बाटली स्वस्त असते तिथे प्रत्येक बाटलीतून पुरेपूर वसुली करण्याची घाई नसते.

पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की परतताना डिकीत खोका घालण्याचा आग्रह धरतात. महाराष्ट्राचे शुल्क न भरलेला माल आणणे हा गुन्हा आहे, हे सांगून सांगून मी थकले. इंधनाचा खर्च धरला तर किती वाचले, हे तर कोणी मोजतच नाही.

सरळमार्गी

सर्वांना कंपन्यांवर घसरण्याची घाई झालेली दिसते. बाटलीच्या किंमतीतला मोठा वाटा सरकारी कराचा असतो. कंपनी बिचारी काय करणार? शासनाने शुल्क कमी करावे, माणसे आपोआप सौम्य बियरकडे वळतील.

इंद्रायणीकाठ

सरळमार्गी, कराचा वाटा मोठा आहे हे मान्य. जून २०२५ मध्ये राज्याने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचे (व्हिस्की, रम वगैरे) शुल्क निर्मिती खर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केले आणि त्यातून बियर व वाइन वगळली, तेव्हा शासनाच्या एका निर्णयाने क्वार्टर आणि बियर यांच्यातले अंतर कसे बदलते हे सर्वांनी पाहिलेच. पण "बिचारी" हा शब्द मला पटत नाही.

सप्टेंबर २०२१ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने युनायटेड ब्रुअरीजला सुमारे ७५२ कोटी आणि कार्ल्सबर्ग इंडियाला सुमारे १२१ कोटी रुपयांचा दंड केला. तिसरी कंपनी एबी इनबेव्ह. तिने आधी स्वतःहून माहिती दिल्यामुळे तिला दंडातून पूर्ण सूट मिळाली. २००९ पासून ऑक्टोबर २०१८ पर्यंत या कंपन्या आपापसांत बोलून किंमती ठरवत होत्या, असा आयोगाचा निष्कर्ष होता, आणि त्या राज्यांच्या यादीत महाराष्ट्र होता. इतकेच नव्हे, तर महाराष्ट्रात पुरवठा मर्यादित ठेवणे आणि बाजार वाटून घेणे हेही त्यात होते. अपील न्यायाधिकरणाने डिसेंबर २०२२ मध्ये हा निर्णय कायम ठेवला. अनेक राज्यांत दर वाढवायला शासनाची मंजुरी लागते, म्हणून मंजुरीसाठी जाण्यापूर्वी किती मागायचे हे या मंडळींनी एकमेकांना विचारून ठरवले. तेव्हा त्या काळात आपण फळीवरच्या दोन लेबलांची तुलना करून जी "स्वस्त" निवडली, तिच्यातली स्पर्धा कितपत खरी होती, असा प्रश्न मला पडतो. शुल्क कमी झाले तरी फळीवर खरी चढाओढ नसेल, तर तो फायदा बाटलीपर्यंत पोहोचेल याची हमी कोण देणार?

मिशिगन_सरोवर

शिकागोत शिकत असताना आम्ही विद्यार्थी तीस कॅनांचा स्वस्तातला स्वस्त खोका घ्यायचो, त्यामुळे हा विषय जिव्हाळ्याचा आहे. इथे एबी इनबेव्हने मॉडेलो ही मेक्सिकन बियर कंपनी विकत घ्यायचे ठरवले, तेव्हा जानेवारी २०१३ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने तिच्यावर दावा लावला. त्या दाव्यानुसार एबी इनबेव्हकडे बाजाराचा सुमारे ३९ टक्के आणि मिलरकूर्सकडे २६ टक्के हिस्सा होता. दरवर्षी उन्हाळा सरताना पहिली कंपनी दरवाढ जाहीर करी आणि दुसरी बहुधा तिच्यामागून जाई. मॉडेलो मात्र दर वाढवत नसे, म्हणून ती डोळ्यांत खुपत होती. शेवटी तडजोड होऊन मॉडेलोचा अमेरिकेतला व्यवसाय कॉन्स्टेलेशन या कंपनीकडे गेला.

काउंटरच्या_आत यांनी जी पायरी सांगितली, तीच इथे होती. सर्वांत स्वस्त बियर आणि तिच्या वरची नेहमीची लाइट बियर यांतले अंतर कमी केले की लोक वरची घेतील, असा कंपनीचा अंदाज. आमच्या खोलीतला अनुभव वेगळा होता. खोका महागल्यावर एकाने त्याच पैशात कमी संख्येने स्थानिक क्राफ्ट बियर घ्यायला सुरुवात केली, दुसरा व्होडकाकडे वळला आणि मी परीक्षा संपेपर्यंत चहावर राहिलो. कंपनीने आखलेल्या पायरीवर आमच्यापैकी एकही चढला नाही.

शेंगदाणा_फुटाणा

चहाचा उल्लेख वाचून डोळे पाणावले. मिशिगनराव, पुण्यात या, पहिली बाटली माझ्याकडून.

क्लाइडकाठी

ग्लासगोहून लिहितो आहे. इथे गोष्ट उलट बाजूने घडली. स्कॉटलंडमध्ये १ मे २०१८ पासून किमान दर लागू झाला : अल्कोहोलच्या प्रत्येक युनिटला, म्हणजे दहा मिलीला, ५० पेन्स; ३० सप्टेंबर २०२४ पासून तो ६५ पेन्स आहे. पूर्वी साडेसात टक्क्यांच्या सायडरची (सफरचंदाची दारू) तीन लिटरची बाटली चारेक पौंडांना मिळे. तिच्यात साडेबावीस युनिट असल्याने ती एका रात्रीत ११.२५ पौंडांच्या खाली विकता येईनाशी झाली. आमच्या गल्लीतल्या दुकानातून ती बाटली दिसेनाशीच झाली, कारण तेवढ्या पैशात तिला कोणी हात लावेना. साध्या चार टक्क्यांच्या बियरला मात्र फारसा धक्का बसला नाही. म्हणजे दर टक्क्यांवर बांधला तर चिंचवडचा तो हिशेब मोडतो. मला खटकते ते एवढेच की हा कर नसल्याने वाढीव पैसा सरकारकडे न जाता विक्री करणाऱ्यांच्या साखळीतच राहतो.

इरई

चंद्रपूर. आमच्याकडे १ एप्रिल २०१५ पासून २०२१ पर्यंत दारूबंदी होती. या धाग्यावर किंमतीची इतकी चर्चा झाली, पण बंदीत बियरचे काय होते हे कोणी लिहिले नाही. चोरून माल आणणाऱ्याला जागा कमी लागणारा आणि पैसा जास्त देणारा माल हवा असतो. बियरचा खोका अवजड, बाटल्यांचा आवाज होणारा आणि त्यामानाने कमी नफ्याचा. त्यामुळे आमच्या वस्तीत बियर जवळजवळ नाहीशी झाली आणि जे मिळत होते ते देशी किंवा क्वार्टर, तेही दुप्पट-तिप्पट भावाने. माझे वडील शनिवारी एक बियर घेणारे गृहस्थ होते. त्या वर्षांत ते देशी पिऊ लागले, आणि बंदी उठल्यावर बियर पुन्हा मिळू लागली तरी त्यांना ती पाण्यासारखी वाटू लागली होती. आईने या विषयावर मला काही लिहू नको म्हणून सांगितले आहे, तेव्हा इथेच थांबते.

तेरेखोल

इरई, आईंना नमस्कार सांगा. लिहिलेत ते बरे केलेत.

रद्दी_भाव

आमचा भंगाराचा धंदा असल्याने दुसरे टोक सांगतो. स्वस्त बियरची किंमत खाली ठेवण्यात जुन्या बाटलीचा वाटा मोठा आहे, कारण धुऊन पुन्हा भरलेली बाटली नव्या काचेपेक्षा स्वस्त पडते. वर स्पर्धा आयोगाचा विषय निघाला आहे म्हणून सांगतो, त्या निर्णयात जुन्या बाटल्यांच्या खरेदीबाबतही युनायटेड ब्रुअरीज आणि एबी इनबेव्ह यांच्यात संगनमत असल्याचा निष्कर्ष आहे. वडिलांना ती बातमी वाचून दाखवली, तेव्हा ते म्हणाले की बाटलीला भाव का वाढवून मिळत नाही, हे कोडे आज सुटले. पिणाऱ्याला बाटली महाग आणि वेचणाऱ्याला स्वस्त, असा दुहेरी मामला आहे. काउंटरच्या_आत साहेब, तुमच्याकडे कॅनचा खप वाढला आहे का? आमच्याकडे बाटल्यांची आवक रोडावली आहे.

काउंटरच्या_आत

वाढला आहे, विशेषतः पाचशे मिलीच्या कॅनचा. बाटलीपेक्षा दीडशे मिली कमी असल्याने किंमत डोळ्यांना हलकी दिसते. मिलीमागे हिशेब करणारे गिऱ्हाईक मला तरी क्वचितच भेटते. तुमच्यासाठी अॅल्युमिनियमचा भाव बरा असेल, तेवढीच भरपाई.