शिवलेली नऊवारी म्हणजे ‘पायजमा’? मग ऐकाच

आडवा_पदर (धागाकर्ती):
गेल्या आठवड्यात इथे एक पोस्ट आली : ‘शिवलेली नऊवारी नेसत नाहीत, घालतात. तो जरीचा पायजमा. आजीला काय वाटेल?’ दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही.

माझ्या आजीला काय वाटायचं ते सांगते. ती पहाटे अंधारात, न बघता, दोन मिनिटांत नेसायची. मग विहीर, चूल, भातलावणी, सगळं त्याच काष्ट्यात. कामाचं कापड होतं ते, मिरवायचं नव्हे. माझ्या मंगळागौरीला नेसवायला बाई बोलावल्या. त्यांनी १७ पिना टोचल्या आणि तिसऱ्या फुगडीला काष्टा सुटला. समोर दीर मोबाईल घेऊन शूटिंग करतोय! दुसऱ्याच दिवशी शिवायला टाकली. नाडी आहे, आत खिसाही आहे.

आणि नवरदेव इलॅस्टिकचं धोतर चढवतो, नाहीतर थेट शेरवानी. त्याची आजी कुठे जाते तेव्हा?

निऱ्या_निवांत:
ती पोस्ट माझीच. पायजमा शब्दावर ठाम आहे.

माझं दुखणं नाडीचं नाही, कात्रीचं आहे. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर अखंड कापड. आजी ठेंगणी-ठुसकी, आई उंच, काटकुळी, लुगडं तेच. विरलं की दंड घालायचे, त्यानंतर दुपटी, शेवटी गोधडी. तुमचं शिवलेलं दोन इंच पोट सुटलं की बाद. परवा एका लग्नात येवल्याची पैठणी कापून शिवलेली बघितली, काळजात चर्र झालं.

वेष्टीच्या_घरची:
सासर तमिळ. नवऱ्याच्या वेष्टीला, म्हणजे तिकडच्या धोतराला, वेल्क्रो आहे, कुणी हूं की चूं करत नाही. चेन्नईच्या एका क्लबात वेष्टी नेसलेल्या न्यायमूर्तींना दारातच अडवलं, तर २०१४ मध्ये तमिळनाडूने त्यासाठी कायदा केला. त्याच दक्षिणेत, त्रावणकोरात, खालच्या मानलेल्या नाडर जातीतल्या बायकांना अंग झाकायची मुभा मिळवायला १८५९ पर्यंत झगडावं लागलं. तेव्हा परंपरेचे दाखले जरा जपून द्या.

कोसा_करवतकाठी:
निऱ्या, ती पैठणी येवल्याचीच होती कशावरून? उलटी करून बघितली होती का?

निऱ्या_निवांत:
लग्नात परक्या बाईची साडी उलटी करू?

कोसा_करवतकाठी:
मग ‘येवल्याची’ लिहू नका. हातमागाच्या पैठणीचा पदर मागूनही पुढच्यासारखाच दिसतो. विणकर प्रत्येक रंगाची वेगळी कांडी हाताने फिरवतो, एकेक वीण धाग्यात धागा अडकवून. यंत्रमागावरच्या मोराच्या मागे सुटे धागे लोंबतात, नाहीतर कापून टाकलेले असतात. अडीच हजारांत ‘ओरिजिनल’ म्हणून तेच गळ्यात मारतात. काही साड्या फक्त हातमागासाठी राखून ठेवणारा १९८५ चा कायदा आहे, बाजारात तो कुणी पाळताना दिसला तर कळवा.

आणि महाराष्ट्र म्हटलं की पैठणीच का? आमच्या भंडारा-नागपूरकडची करवतकाठी कुणाला आठवत नाही. कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं अंग, काठाला करवतीसारखे दाते, विणायला तीन धोटे. माझ्या लग्नात पुण्याच्या मावससासूबाईंनी विचारलं, ‘ही साऊथची का गं?’ बावीस वर्षं झाली, विसरले नाही.

खण_खणीत:
मग इरकली साडीने काय घोडं मारलंय? कर्नाटकातल्या बागलकोटातून येते म्हणून परकी? पदराचे ताणे वेगळे लावून अंगाच्या ताण्यांशी फासे घालून जोडतात, टोपतेनी म्हणतात त्याला. आमच्या सोलापूरकडच्या बायकांनी जन्मभर तीच नेसली.

कोसा_करवतकाठी:
घ्या, अजून एक आल्या. इरकल निदान नाटका-सिनेमात तरी दिसते हो.

आडवा_पदर:
अहो, धागा शिवण्याबद्दल आहे!!

खण_खणीत:
काय शिवायचं ते आधी ठरू दे. शिंपी ‘पेशवाई’, ‘शाही मस्तानी’ अशी नावं देऊन पॉलिस्टर शिवतात आणि तुम्ही आजीची भातलावणी काढता.

आडवा_पदर:
माझ्या आजीला मध्ये आणू नका. आणि निऱ्या, तुमच्या अखंड कापडाचं बोलू. दंड घातलेलं लुगडं म्हणजे मधलं विरलेलं कापून पुन्हा शिवलेलंच ना? कात्री तिथेही होतीच. शिवाय तुम्ही पुरुष. नेसलात का कधी एकदा तरी?

निऱ्या_निवांत:
नेसलोय. गणपतीतल्या नाटकात तीन वर्षं स्त्री-पार्ट करायचो. आईने भिंतीला टेकवून उभं करून शिकवलं : आधी कमरेची गाठ आवळ, निऱ्या नंतर. तिसऱ्या वर्षी दुसऱ्या अंकात काष्टा सुटला. प्रेक्षकांना विनोद वाटला, टाळ्या पडल्या. सीन मरणाचा होता.

आडवा_पदर:
हे आधी सांगितलं असतंत तर मी एवढं लिहिलं नसतं.

निऱ्या_निवांत:
दंडाचं मान्य, नाइलाजाने. पण ती कात्री कापड वाचवायला होती, तुमची मापात बसवायला. जाऊ दे. नव्या कापडाच्या खुशाल शिवा, पायजमा म्हणणार नाही. ‘सलवार’ म्हणेन. मात्र पेटीतल्या जुन्या साडीला हात लावाल तर गाठ माझ्याशी.

आडवा_पदर:
उशीर झाला. आजीचीच शिवलीय. उरलेल्या पदराची पर्स केली.

निऱ्या_निवांत:
अरे देवा.

कोसा_करवतकाठी:
पर्सचा फोटो टाका. अस्तर लावलं नसेल तर आतल्या बाजूचाही.