पुढच्या चिमट्याला चीर, आणि रोज आसूदचा उतार. पाच दिवस सायकल काढू का?

दापोली_हर्णै:
नमस्कार मंडळी. मी दापोलीत राहते, शाळा हर्णैच्या बाजूला. जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर. वाटेत आसूद गाव लागतं; सकाळी उतार, संध्याकाळी चढ. हे तिसरं वर्ष, पावसातही सायकल सोडलेली नाही.

आज रविवार म्हणून सायकल धुवायला काढली. पुढचं चाक ज्यात बसतं त्या चिमट्याचे दोन्ही पाय वर जिथे एकत्र येतात, तिथे डाव्या पायावर केसासारखी आडवी रेघ दिसली. बोटाच्या पेराएवढी. तिच्यातून तांबूस पाणी ओघळलेलं. पुसलं, तर दुपारी परत आलं. मागच्या आठवड्यात आसूदच्या वळणावर पाण्याने भरलेल्या खड्ड्यात पुढचं चाक जोरात आदळलं होतं. तेव्हापासून पुढचा ब्रेक दाबला की बारीक 'कट्' असा आवाज येतो. मला वाटलं, ब्रेकच्या रबराचा असेल.

सायकल गिअरची, लोखंडी, साधा चिमटा, व्ही-ब्रेक, चाकं ७०० सी. दुकानदार म्हणाले नवा चिमटा शनिवारी येईल. मधे पाच दिवस. मुलांच्या चाचण्या चालू आहेत आणि पहिला तास माझा. एसटीने एकतर तासभर आधी पोचते, नाहीतर प्रार्थना चुकते. हळू गेले आणि पुढचा ब्रेक अजिबात लावला नाही, फक्त मागचा वापरला, तर चालेल का? घरचे नाही म्हणतायत, पण ते पावसात जायलाही नाहीच म्हणतात, म्हणून इथे विचारतेय.

भाट्येकर:
ताई, लोखंड आहे ना, मग एवढं घाबरू नका. लोखंड एकदम तुटत नाही. माझ्या सायकलला मागे चाकाजवळच्या नळीला चीर होती, महिनाभर चालवली. उतारावर उतरून चाला, नाहीतर वेल्डिंगचा एक टाका मारून घ्या.

तेलपाणी:
ताई, काढू नका. मी चिपळूणला बावीस वर्षं सायकली दुरुस्त करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भाट्येकर, तुमची चीर मागे होती. मागचं काही तुटलं तर सायकल डगमगते, चाक घासतं, माणसाला थांबायला वेळ मिळतो. पुढचा चिमटा सुटला की चाक फ्रेमखाली जातं आणि माणूस सरळ तोंडावर आपटतो, हात पुढे करायलाही सवड मिळत नाही.

पुढचा ब्रेक दाबला की अंगाचं वजन पुढे येतं आणि चिमटा मागे वाकायला बघतो. तो भार नेमका चिरेच्या जागी पडतो. 'कट्' ब्रेकलाच येतो तो बहुतेक त्यामुळे. ब्रेक नाही लावला तरी खड्डा आहेच, तो तुम्हाला विचारून येत नाही. आणि ओल्या उतारावर नुसत्या मागच्या ब्रेकने सायकल लवकर थांबत नाही, चाक घसरतं. त्यातून म्हैस आडवी आली तर तुमचा हात आपोआप पुढच्या ब्रेकवर जाणार. तिथे ठरवलेलं काही उपयोगाला येत नाही.

खात्री करायची असेल तर खडू तुमच्याकडे असेलच. जागा साबणाने धुवून कोरडी करा. रेघेवर थोडं डिझेल किंवा पातळ तेल लावा, वीस मिनिटं मुरू द्या, मग फडक्याने स्वच्छ पुसा. वर खडू घासून जागा पांढरी करा. पुढचा ब्रेक दाबून हँडल आठ-दहा वेळा पुढे रेटा. खडूवर तेलाची रेघ उमटली तर चीर नुसत्या रंगात नाही, लोखंडातच आहे असं धरा. नाही उमटली म्हणून सायकल चांगली, असं मात्र धरू नका. तो 'कट्' कुठून येतो ते उघडून बघावंच लागेल.

वेल्डिंग इथे नको. नळी पातळ असते, टाक्याशेजारचं लोखंड कमजोर होतं आणि तिथेच परत चिरतं.

चिमटा मागवताना नुसतं '२८ इंची' सांगू नका. काळ्या घोडा सायकलच्या रिमचं माप ६३५ मिलिमीटर, तुमच्या ७०० सी रिमचं ६२२. दोन्हींना लोक २८च म्हणतात. घोडा सायकलचा चिमटा आला तर ब्रेकचं रबर रिमवर नीट बसत नाही. चिमट्याची जी नळी वर हँडलकडे जाते तिची जाडी, लांबी आणि आटे आहेत की नाहीत, तेही सांगा.

दापोली_हर्णै:
आत्ता केलं. रेघ उमटली. मला दिसत होती त्याहून बरीच लांब आहे, आतल्या बाजूने वळून जवळजवळ अर्ध्या नळीभोवती गेलीय. खडूवर ती काळसर होत जाताना बघून हातपाय गार पडले. शुक्रवारी याच सायकलवरून उतारावर शाळेच्या पोरांना बाजूने ओलांडून गेले होते.

उद्यापासून एसटी. पाटीलबाईंना फोन केला, पहिला तास त्या घेतील, त्यांचा तिसरा मी. नळी मोजली, २८.६ मिलिमीटर, आटे नाहीत. दुकानदारांना सांगितलंय.

भाट्येकर:
ताई, माझं चुकलं. बरं झालं विचारलंत. माझाही चिमटा आज खडू लावून बघतो.

तेलपाणी:
छान केलंत. २८.६ म्हणजे एक पूर्णांक एक अष्टमांश इंच, दुकानदाराला तसंच सांगा. आणि जुना चिमटा नुसता भंगारात टाकू नका. आधी करवतीने कापा, मग द्या. रंग मारून कुणीतरी तो दुसऱ्या सायकलला बसवतो.