बिजागऱ्या कुठल्या बाजूला आहेत? (टेबलटॉप आरपीजी, म्हणजे टेबलाभोवती बसून खेळायचा रोल-प्लेइंग गेम, नक्की कशाला म्हणायचं)

वीसबाजू

गेल्या रविवारी आमच्या टोळक्यात एकाने दोन्ही हातांनी उचलावा लागेल एवढा खोका आणला. 'ग्लूमहेवन' नावाचा बोर्डगेम. पत्ते, नकाशे, पुठ्ठ्याचे राक्षस. तीन तास मस्त गेले. निघताना तो म्हणाला, "बघ, डीएम नकोच. हीसुद्धा आरपीजीच की." मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, का नाही? पात्र आहे, पात्राची लेव्हल वाढते, गोष्ट पुढे सरकते. तेव्हा उत्तर सुचलं नाही. आता सुचलंय, ते इथे टाकतो. झोडपा.

नवख्यांसाठी थोडक्यात: चार-पाच जण बसतात. एकजण डीएम (डंजन मास्टर, खेळ चालवणारा), म्हणजे त्याच्यावर कायमचं राज्य. बाकीचे एकेक पात्र घेतात. समोर काय आहे ते डीएम सांगतो, आपण काय करतो ते बाकीचे सांगतात आणि जिथे निकाल कुणालाच ठाऊक नसतो तिथे फासे पडतात. १९७४ चं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हे त्यातलं सगळ्यांनी ऐकलेलं नाव.

आता प्रसंग. डीएम मी. तळघर, लोखंडी पट्ट्यांचं दार, कुलूप. माझ्या पुस्तिकेत लिहिलेलं: कुलूप उघडायला पंचवीस. वीस बाजूंच्या फाशावर पंचवीस आणायचे तर फाशात आपल्या कौशल्याचे गुण मिळवणारा, हात बसलेला चोर हवा, आणि आमचा चोर मागच्याच खोलीत खड्ड्यात पडून मेलेला. सगळे गप्प. आमची एक मैत्रीण, एरवी बँकेत असते, चिवड्याची वाटी खाली ठेवून म्हणाली, "दाराच्या बिजागऱ्या कुठल्या बाजूला आहेत?"

पुस्तिकेत बिजागऱ्यांचा उल्लेख नव्हता. मी मनात दार उभं केलं. दार पलीकडे उघडतं, तेव्हा बिजागऱ्या आपल्या बाजूला, असं ठरवून टाकलं. तिने हातोडी आणि खिळा घेतला, तिन्ही बिजागऱ्यांचे दांडे ठोकून वर काढले आणि दार कुलपासकट बाजूला टेकवून ठेवलं.

माझी व्याख्या एवढीच. नियमात नसलेली चाल जिथे करता येते आणि तिचं काय होईल ते ठरवायला कुणीतरी बसलेलं असतं, ती आरपीजी. ग्लूमहेवनमध्ये हातातल्या पत्त्यावर बिजागरी नसेल तर जगात बिजागरी नाही.

कटिंग_चहा

साहेब, एकच प्रश्न. बिजागरी कुणी काढली? तुमच्या बँकवाल्या मैत्रिणीने की तिच्या पात्राने?

कारण तुमच्या अख्ख्या प्रसंगात पात्र कोण आहे ते मला कळलंच नाही. लोहार आहे, भटजी आहे की जादूगार? दारासमोर एक हुशार बाई बसलीय आणि तिने कोडं सोडवलं. कोडं सोडवण्याला माझी ना नाही, पण नावातच 'रोल' आहे ना! १९९१ मध्ये 'व्हँपायर: द मास्करेड' आलं ते याच कंटाळ्यातून, असं माझं मत. तळघरं पुरे, आता हा माणूस रक्त प्यायचं की नाही या भुकेशी कसा झगडतो ते बघू. आमच्या टेबलावर एकदा अख्खं सेशन दोन भावांच्या भांडणात गेलं. एकही फासा पडला नाही. ती माझ्या आयुष्यातली सर्वांत चांगली आरपीजी. तुमच्या व्याख्येत ती बसते कशी?

वीसबाजू

@कटिंग_चहा, लागलं. पात्र होतं देवळात वाढलेली पुजारीण. तिला बिजागऱ्या कशा सुचल्या हे मी विचारायला हवं होतं, विचारलं नाही. पण तुमचं भावांचं भांडणही बसतं की. "मी त्याला आईचं पत्र वाचून दाखवतो" ही चाल कुठल्या नियमात होती?

हिशेबनीस

लेव्हल, एक्सपी (अनुभवाचे गुण), लूट. हे नसेल तर नाटक करा, आरपीजी कशाला म्हणता?

कटिंग_चहा

@हिशेबनीस, १९७७ च्या 'ट्रॅव्हलर'मध्ये पात्र बनवतानाच मरू शकायचं, खेळ सुरू व्हायच्या आधी. तिथे एक्सपी कुणाच्या वारसांना देऊ?

शंकासुर

नाव घेतलंय तर कामही करतो.

वीसबाजू, तुमची व्याख्या आरपीजीपेक्षा दीडशे वर्षांनी म्हातारी आहे. १८२४ साली प्रशियात राइसविट्झ नावाच्या लेफ्टनंटने 'क्रीगश्पील' मांडलं. नकाशावर पलटणी, फासे आणि मध्ये पंच. खेळाडू हुकूम पंचाला देणार, पंच निकाल सांगणार. १८७६ मध्ये फेर्डी द्यु व्हेर्न्वा या अधिकाऱ्याने त्यातली निकालाची कोष्टकंही काढून टाकली आणि म्हणाला, लढाई पाहिलेला पंच बसलाय ना, तो ठरवेल. आता समजा एखादा कॅप्टन म्हणाला, "पूल उडालाय, गावातल्या होड्या बांधून पार जाता येईल?" पंच विचार करून म्हणेल, तीन तास लागतील. झाली तुमची बिजागरी. मग प्रशियाचं सैन्य आरपीजी खेळत होतं म्हणायचं का?

आणि हो, १९७४ च्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या पहिल्या खोक्यावर 'रोल-प्लेइंग' हा शब्दच नाही. तिथे वॉरगेमचे (लुटुपुटूच्या लढाईच्या खेळाचे) नियम असं छापलंय, कागद-पेन्सिल आणि छोट्या पुतळ्यांनी खेळायचे. तेव्हा कटिंगभाऊ, नावातच रोल आहे वगैरे जरा जपून. बाळाचं बारसं नंतर झालंय.

वीसबाजू

@शंकासुर, याचीच वाट बघत होतो, कारण मधला दुवा तुम्ही गाळलात. मिनेसोटात डेव्हिड वेसली नावाचा वॉरगेमवाला होता. त्याच्या हाती टॉटन या अमेरिकन अधिकाऱ्याचं १८८० चं 'स्ट्रॅटेगोस' हे वॉरगेमचं पुस्तक लागलं. त्यातला पंच म्हणजे तुमचाच प्रशियन पंच, समुद्र ओलांडून आलेला. वेसलीने १९६९ च्या सुमाराला नेपोलियनच्या काळातलं एक काल्पनिक जर्मन गाव घेतलं, ब्राउनश्टाइन. पण खेळाडूंना पलटणी देण्याऐवजी गावातला एकेक माणूस दिला. झालं असं की लढाई राहिली बाजूला आणि दोघे खेळाडू एकमेकांना द्वंद्वयुद्धाचं आव्हान देऊन बसले. वेसलीकडे द्वंद्वयुद्धाचे नियमच नव्हते. त्याने तिथल्या तिथे काहीतरी ठरवलं. खेळ फसला अशी त्याची समजूत, आणि खेळणारे मागे लागले, पुन्हा कधी? त्या कंपूतल्या डेव्ह आर्नसनने पुढे आपलं 'ब्लॅकमूर' नावाचं काल्पनिक जग उभं केलं, ते विस्कॉन्सिनमधल्या गॅरी गायगॅक्सला दाखवलं आणि दोघांनी मिळून १९७४ चा खोका काढला.

म्हणजे पंच जुनाच. नवीन काय आलं? सेनापती चुकला तर पलटण मरते. ब्राउनश्टाइनमध्ये चुकला तर 'मी' मरतो. व्याख्येत भर घालतो: नियमात नसलेली चाल, ठरवणारा कुणीतरी आणि चाल एका माणसाच्या कातडीतून केलेली.

कटिंग_चहा

म्हणजे माझंच म्हणणं, प्रशियामार्गे. चालेल.

मालवणी_तिखट

कातडीवरून आठवलं. माझे मामा दशावतारात काम करायचे. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांना सांगते, तिथे संहिता नसते. संध्याकाळी रंगायला बसताना कुणीतरी आख्यान सांगतो: आज अमुक राजा, अमुक राक्षस, तू हा, तू तो. संवाद रंगमंचावर उभं राहिल्यावर जो तो आपल्या तोंडाने बोलणार. मामा राक्षस असले की गावातल्या सरपंचाला चिमटा काढल्याशिवाय आत जायचे नाहीत. समोरच्या राजाला त्याचं उत्तर त्याच क्षणी द्यावं लागायचं, आणि पेटीवाला तोपर्यंत सूर धरून.

आता कटिंग_चहांच्या मापाने हे शंभर टक्के आरपीजी. रोल आहे, कातडी आहे, नियमात नसलेली चाल तर पावलोपावली. पण नाही ना! का नाही ते मला मामांच्या एका वाक्यात दिसतं. मी लहानपणी विचारलं होतं, "आज तुम्ही जिंकणार?" ते म्हणाले, "गो बाय, पहाट होयसर माका मराक होयाच." राक्षस कितीही चांगला बोलला तरी पहाटे मरणारच. आरपीजीत ते आधी ठाऊक नसतं, डीएमलासुद्धा नसतं. फासे त्यासाठीच. फासा पडला की डीएमच्या मनातला शेवटही मोडू शकतो.

शंकासुर

@मालवणी_तिखट, प्रतिसाद आवडला (आमच्या नावाचं सोंग तुमच्याकडेच नाचतं, तेव्हा आदर आहेच). पण फाशावर फार भार टाकू नका. १९९१ चंच 'अँबर' घ्या. त्यात फासेच नाहीत. सुरुवातीला खेळाडू आपसांत लिलाव करतात, सर्वांत बलवान कोण, सर्वांत चिवट कोण. लिलाव संपला की क्रम ठरला. 'ड्रेड'मध्ये फाशांऐवजी ठोकळ्यांचा मनोरा. काही अवघड करायचं तर एक ठोकळा ओढा, मनोरा पडला की तुमचं पात्र गेलं.

मालवणी_तिखट

फासे म्हणजे प्लास्टिकचे तुकडे असं कुठे म्हणाले मी? मनोरा कधी पडणार हेसुद्धा कुणाला माहीत नसतं. 'अँबर'चं मान्य, तिथे माझी पंचाईत होते.

एकटी_खेळते

अख्खा धागा वाचला. प्रत्येक व्याख्येत 'कुणीतरी बसलेलं असतं', 'टेबलावर', 'टोळकं'. मी एकटी खेळते. 'आयर्नस्वॉर्न', २०१८ चं, डिजिटल प्रत फुकट मिळते. मुलं झोपली की साडेदहाला पलंगावर वही उघडते. फासे उशीच्या अभ्र्यावर टाकते, फरशीवर आवाज होतो. कोष्टकात बघते: गावात शिरल्यावर काय दिसतं? फासा म्हणतो, 'विश्वासघात' आणि 'वडीलधारा'. दोन शब्द. मग मी दहा मिनिटं नुसती बसते आणि मला कळतं की जिने मला शपथ घ्यायला लावली ती आजीच खोटं बोलत होती. पोटात गोळा येतो हो खरंच. हे मी ठरवलं नव्हतं.

तर ही आरपीजी आहे की नाही तेवढं सांगा.

हिशेबनीस

डायरी.

एकटी_खेळते

@हिशेबनीस, तुम्ही एक्सपी मोजा. एकट्याने खेळायचं काल निघालेलं नाही. 'टनेल्स अँड ट्रोल्स' १९७५ चं आणि त्याचं एकट्यासाठीचं 'बफेलो कॅसल' १९७६ चं. छंद जेमतेम दोन वर्षांचा होता तेव्हा.

वीसबाजू

ताई, 'बफेलो कॅसल' माझ्या बाजूने जातं असं मला वाटतं. त्यात परिच्छेद वाचा, दिलेल्या पर्यायांतला एक निवडा, अमुक पानावर जा. बिजागरी विचारायची सोय नाही. ती गोष्टीची पुस्तकं झाली, छान असतात, आरपीजी नाही.

तुमची वही मात्र मला अडचणीत टाकते. तुम्हीच चाल करता, तुम्हीच ठरवता. पण फाशाने दोन शब्द दिल्यावर तुम्ही दहा मिनिटं थांबलात. त्या दहा मिनिटांत पंचाचं काम चाललेलं. तेव्हा 'बसलेलं कुणीतरी' मागे घेतो, ठरवण्याचं काम ठेवतो. ते कुणीही करो.

शंकासुर

चला, एकेक वीट काढत जाऊ. 'मायक्रोस्कोप', २०११. ठरलेलं पात्र नाही, डीएम नाही, फासे नाहीत. चौघे मिळून एखाद्या साम्राज्याचा हजार वर्षांचा इतिहास पत्त्यांवर लिहितात. दुकानात आरपीजीच्याच फळीवर ठेवतात.

वीसबाजू

फळी दुकानदार लावतो. मी नाही म्हणणार. खेळ सुंदर आहे, दोनदा खेळलोय, पण त्यात मी कुणा एकाच्या कातडीत टिकून राहत नाही.

एडिसनकर

इकडे न्यू जर्सीत आमचा मराठी ग्रुप मुलांना घेऊन खेळतो. माझ्या लेकाने परवा डीएमची सुट्टी केली आणि चॅटबॉटला डीएम केलं. मी शेजारी बसून बघितलं. दाराला बिजागऱ्या आहेत का? आहेत. त्या सोन्याच्या आहेत का? हो, चमकतायत. त्या वितळवून तलवार करू? वा, काय कल्पना! अर्ध्या तासात पोराकडे चार सोन्याच्या तलवारी, आणि पोरगं कंटाळून सायकल घेऊन गेलं. वीसबाजूंच्या व्याख्येत हे चपखल बसतं: खुली चाल, ठरवणारा, कातडी. तरी काहीतरी नव्हतंच.

मालवणी_तिखट

'नाही' म्हणणारं कुणी नव्हतं. पेटीवालासुद्धा कधीकधी मामांना सूर देत नसे, मुद्दाम.

कटिंग_चहा

बरोबर. डीएमने कशाला 'नाही' म्हटलं ते दहा सेशननंतरही टेबलाला आठवतं. ते जग तेवढ्यानेच टणक होतं.

वीसबाजू

हे मला सुचायला हवं होतं. सहा वर्षं डीएम आहे, त्यातली निम्मी 'नाही' म्हणण्यात गेली.

रंधा_करवत

मी हे खेळ खेळत नाही, सुतारकामाच्या धाग्यावरून चुकून इकडे आलो. एक विचारू का? तुम्ही वर लिहिलंय की दार पलीकडे उघडतं म्हणून बिजागऱ्या तुमच्या बाजूला. उलटं आहे ते. दार ज्या बाजूला उघडतं त्याच बाजूला बिजागरीचा दांडा असतो. तुमचं दार पलीकडे उघडत असेल तर दांडेही पलीकडे. त्या बाईंना ते दिसलेसुद्धा नसते, ठोकायचे कुठून?

वीसबाजू

अरेच्चा.

आत्ता उठून बेडरूमच्या दाराशी जाऊन बघून आलो. बरोबर आहे तुमचं.

पण त्या दारातून जाऊन आता तीन सेशन झाली. पलीकडच्या कोठडीतून त्यांनी एका म्हाताऱ्याला सोडवलं, त्याची मुलगी आता त्यांच्याबरोबर फिरते. टोळक्याला सांगू नका.

कटिंग_चहा

बँकवाली मैत्रीण हा धागा वाचतेय, मघाशीच लिंक पाठवली तिला. ती म्हणते, तिला तेव्हाच माहीत होतं.