विषय: शेजाऱ्यांचं खमीर मी विकत घेऊ का?

मंडळी,
प्रश्न जरा वेगळा आहे. आमच्या कोपऱ्यावरच्या सिनेगॉगचे रबाय, म्हणजे ज्यूंचे धर्मगुरू, काल घरी आले होते. वल्हांडणाच्या, म्हणजे त्यांच्या पेसाह सणाच्या, आधी सभासदांकडचं सगळं खमीर (गहू-जवासारख्या धान्याचं आंबलेलं काहीही) मी विकत घ्यावं म्हणतात. ब्रेड, पास्ता, बिस्किटं, व्हिस्कीसुद्धा. सण झाला की तेच परत विकत घेणार. लुटुपुटूचं असेल तर सही करायला माझं काय जातं? पण कागद चांगला पाच पानी आहे. बायको म्हणते, आधी विचार.
– मिलिंद

उत्तर:
व्हिस्की किती आहे ते कळव. पुढचं मंडळ बघून घेईल.
– सतीश

उत्तर:
मिलिंद, लुटुपुटूचं अजिबात नाही. लुटुपुटूचं असेल तर त्यांच्या काही कामाचंच नाही.

तोराहची, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाची, आज्ञा आहे की सात दिवस घरात खमीर दिसू नये, सापडू नये. (इस्राएलबाहेर आम्ही आठ दिवस पाळतो.) म्हणजे नुसतं खायचं नाही असं नव्हे, मालकीचंही असता कामा नये. सणात ज्यू माणसाच्या मालकीचं राहिलेलं खमीर त्याला सण संपल्यावरही चालत नाही, विकूनसुद्धा नाही. घरातला अर्धा पाव जाळून टाकता येतो, पण ज्याचं पोट दारूच्या भट्टीवर आहे त्याने काय करायचं? पोलंडमधल्या ज्यूंपुढे हाच पेच होता. पिंपं हलवणार कुठे? तेव्हा योएल सिर्किस (१५६१–१६४०) या रबायांनी मोकळीक दिली की माल जागेवरच राहू दे, पण ती खोलीही मालाबरोबर ज्यू नसलेल्या गिऱ्हाइकाच्या नावावर करा.

तुझ्या पाच पानांत तेच असणार. रबाय विकणारे नाहीत, सभासदांचे कुलमुखत्यार आहेत. तू थोडा इसार देणार, बाकीची रक्कम सणानंतर देणं लागणार. शिवाय रुमाल किंवा पेन हातात धरून उचलायला लावतील, तोही व्यवहार पक्का करायचाच एक प्रकार. परत विकायची अट मात्र कागदात घालता येत नाही. म्हणजे सणात तू कुणाच्याही कपाटातली बाटली उघडलीस तर माल तुझाच, फक्त पैसे भरायचे. सतीश, खूश?

तरी काही कडक मंडळी खरं खमीर विकतच नाहीत, सणाआधी संपवतात. मला ते पटतं, पण माझ्या घरी जमत नाही. आमच्या यादीत पहिला हिंगाचा डबा असतो! बांधणी हिंगात मैदा असतो, हे इथल्या रबायांना मीच सांगितलं. शेवया, रवा ओघानं आलेच. तांदूळ आम्ही बेने इस्राएल, म्हणजे अलिबागकडचे मराठी ज्यू, पेसाहला खातो. अश्केनाझी, म्हणजे मूळचे युरोपातले ज्यू, खात नाहीत, पण घरात ठेवायला त्यांनाही हरकत नसते, तेव्हा तो तुझ्या यादीत नसेल.

कोकणात आमच्या लोकांना ही खतंपत्रं ठाऊकच नव्हती. पेसाहला जुनं नाव 'अनाशी ढाकाचा सण'. आंबट रसाचं भांडं झाकून ठेवायचं, झाला सण. मला अजून तेच नाव गोड वाटतं.

एक मात्र तपासून घे. इस्राएलमध्ये सरकारी मालकीचं खमीर मुख्य रब्बीनेट, म्हणजे रबायांची सरकारी संस्था, असंच विकतं. १९९७ पासून बरीच वर्षं ते अबू घोश गावच्या जाबेर हुसेन या हॉटेलात काम करणाऱ्या गृहस्थाने २०,००० शेकेल इसार देऊन घेतलं. त्याला ते काम मिळालं कसं? तर आधीच्या खरेदीदाराच्या आईची आई ज्यू निघाली! आमच्यात ज्यूपण आईकडून येतं, मग व्यवहार कसला? तुझं आजोळ अलिबागकडचं ना रे?
– एलिझाताई

उत्तर:
ताई, आजी रेवदंड्याची. आईला फोन लावतोय.
– मिलिंद